मामाजींची गाडी बंद होत नाही

लोकांच्या गाड्या सुरू होत नाहीत म्हणून लोक रडतात. माझ्या सासऱ्यांची गाडी बंद होत नव्हती. चावी फिरवा, चावी काढा, खिशात टाका, आत जाऊन तांब्याभर पाणी प्या, गाडी आपली अंगणात फटफटत उभीच. आणि हे आम्हाला, म्हणजे मला आणि माझ्या नवऱ्याला, महिनोन्महिने कळलं नाही. ज्या माणसाला दाढदुखी लपवता येत नाही, त्यानं एवढा मोठा आवाज करणारी गोष्ट लपवली याचं मला अजून नवल वाटतं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते आणि सासूबाईंना मामीजी. केवळराम आणि सुशीलाबाई. सौंदडचं रेल्वे फाटक ओलांडून धानाच्या बांध्यांमधून आत गेलं की हनुमानाचं देऊळ लागतं, तिथून वळलं की आमचं घर. बस यायची तर येते. ऑटो भरला तर निघतो, आणि तो भरेपर्यंत माणसाचा बाजारही होऊन जातो. त्यामुळे मामाजींची ती जुनी, बटण नसलेली, नुसत्या किकवर चालणारी गाडी म्हणजे त्या दोघांचे पाय होते. मामाजींचं शेत तिच्यावर, मामीजींचा बाजार तिच्यावर, बहिणीकडे जाऊन भांडून येणंही तिच्यावरच.

माझा नवरा उमेंद्र गोंदियाला बँकेत आहे. कर्ज द्यायच्या आधी माणसाचा जीव काढायची सवय, तीच घरी. उन्हाळ्यात मामाजी गाडीसकट कालव्याकडेला आडवे झाले. खरचटलंही नाही, पण बातमी गोंदियाला पोचेपर्यंत त्यांचा पाय मोडला होता, डोकं फुटलं होतं आणि कोणी तरी त्यांना नागपूरलाही हलवलं होतं. उमेंद्रनं तेव्हाच फोनवर फर्मान काढलं.

"बाबा, धान घरी आलं की मी येतो. गाडी स्वतः चेक करतो. एक जरी बिघाड निघाला, तर गाडी आमच्या लीलाधरला देऊन टाकीन. बात खतम."

लीलाधर म्हणजे त्यांच्या बँकेतला शिपाई. त्याला गाडी हवीच होती.

"गाडी नेशीन," मामाजी तिकडून म्हणाले, "तर आमाले खाटेले बांधूनच जाय. मंग आमचं दुसरं काय काम हाय?"

उमेंद्रनं फोन ठेवला आणि मला म्हणाला, "इमोशनल ब्लॅकमेल." माझ्या मते मामाजी खरं तेच बोलले होते.

धान घरी आलं, दिवाळी उरकली, तसे सोमवारची रजा टाकून एका शनिवारी आम्ही कार घेऊन निघालो. देवळाच्या अलीकडेच पुढे मामाजी दिसले. पांढरा सदरा, डोक्याला दुपट्टा, पाठीमागे मामीजी, दोघंही ताठ. देवळापाशी मामाजींचा डावा हात खाली टाकीकडे गेला आणि परत हँडलवर आला. मला वाटलं, हनुमानाला नमस्कार केला असेल. म्हातारी माणसं करतात.

घरासमोर पोचता पोचता गाडीचा आवाज बारीक झाला, आणि बरोबर दारात, एक वीत पुढे नाही, एक वीत मागे नाही, गाडी शांत झाली. मामाजींनी मग सावकाश चावी फिरवली, काढली आणि आम्हाला दिसेल अशी वर धरून खिशात टाकली.

"पाहून घे," उमेंद्रला म्हणाले. "लोण्यासारखी बंद होते."

गाडी बंद होण्याचं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. उमेंद्र मात्र खूश झाला. त्यानं टायर दाबले, ब्रेक दाबले, हॉर्न वाजवला. मामीजी गोठ्याच्या खांबाला टेकून उभ्या होत्या, चेहऱ्यावरची माशीही हलत नव्हती.

रविवारी सकाळी उमेंद्र म्हणाला, "बाबा, मी मागे बसतो. तुम्ही चालवून दाखवा. शेतावर जाऊन येऊ."

गाडी गोठ्यात असते. मामाजी आत गेले, पाठोपाठ मामीजी गेल्या. म्हणाल्या, गाईले कुटार टाकाचं हाय. थोड्या वेळात गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि मामाजी तिच्यावर स्वार होऊनच बाहेर पडले. उमेंद्र मागे बसला तशी गाडीनं गुडघे टेकल्यासारखं केलं. बँकेत बसून बसून माझ्या नवऱ्याचं वजन वाढलंय, हे मी त्याला सांगत असते, पण माझं ऐकतो कोण.

अर्ध्या तासानं उमेंद्र एकटाच पायी घरी आला.

"बाबा देवकाबाईकडे उतरले. म्हणे अर्जंट काम आहे."

देवकाबाईचं घर देवळाच्या पुढे, आमच्या घराच्या अलीकडच्या वळणावर. तिच्याशी मामाजींचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलणं बंद होतं, हे मला माहीत होतं, उमेंद्रलाही माहीत होतं. मी अंगणाच्या फाटकाशी जाऊन पाहिलं. मामाजी गाडी हातानं ढकलत येत होते. हँडलला एक मोठं कोहळं लटकत होतं.

"ढकलत काऊन आणून राहिले?" उमेंद्रनं विचारलं.

"एवढ्याशा जाग्यासाठी पेट्रोल कायले जाळाचं?"

"आणि देवकाबाईशी काय काम होतं?"

मामाजींनी कोहळ्याकडे पाहिलं. "हेच," म्हणाले.

मामाजींची काटकसर गावात प्रसिद्ध आहे. रस्त्यात कोणी 'राम राम' म्हटलं तरी ते आधी गाडी बंद करतात, मग 'राम राम' म्हणतात. त्यामुळे उमेंद्रला पटलं. मला पटलं नाही. मला टाकीकडे गेलेला तो हात आठवला. शाळेत असताना माझ्या वडिलांकडेही तसलीच गाडी होती, आणि टाकीखाली डाव्या बाजूला काय असतं ते मला ठाऊक होतं. तिथे पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद केला की नळीत आणि कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडी धावते आणि मग आपोआप मरते. देवळापाशी कॉक बंद केला की घराच्या दारात. मागे मामीजी असतील तर. मागे उमेंद्र असला तर देवकाबाईच्या दारात.

मला इतकं हसू आलं की मी घरात जाऊन भांडी घासायला बसले. धुतलेलीच भांडी होती.

दुपारी जेवता जेवता उमेंद्र म्हणाला, "आता मी एकटा चालवून पाहतो." मामाजींचा घास तोंडात तसाच राहिला. मामीजी म्हणाल्या, "भात घे अजून." तो उठलाच. गोठ्यात जाऊन त्यानं किक मारली, गावातून फेरी मारली, खूश होऊन आला, अंगणात गाडी स्टँडवर लावली, चावी फिरवली, चावी काढली आणि घराकडे चालू लागला.

चार पावलं आला आणि थांबला. वळून पाहिलं. हातातल्या चावीकडे पाहिलं. परत गेला, चावी घातली, चालू केली, बंद केली, काढली. गाडी फटफटतच होती.

"बाबा! अरे ये बंद नहीं हो रही!" घाबरला की त्याचं गोंदिया बाहेर येतं.

"नीट फिरवली का चावी?" मामाजी ओसरीवरून म्हणाले. जागचे हलले नाहीत.

"चावी माझ्या हातात आहे!"

"मंग नीट फिरवली नसन."

गियर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला असता तर गाडी झटका खाऊन मेली असती. हे त्याला कळत होतं, पण स्टँडवर चढवलेल्या गाडीचं मागचं चाक हवेत गरागरा फिरत होतं आणि त्याची जवळ जायची हिंमत होईना. मग त्यानं मोबाइलवर काही तरी पाहिलं आणि ठरवलं की प्लगची टोपी ओढायची. मामाजी "हात नोको लावू" म्हणाले, पण ते तो ओरडल्यानंतर म्हणाले. झटका बसून उमेंद्र धानाच्या तणसावर जाऊन बसला. चष्मा एका कानाला लटकत होता.

तेव्हा मामाजी उठले, गाडीपाशी गेले, वाकून कॉक बंद केला आणि तिथंच उभे राहिले. आम्ही सगळे उभे राहिलो. कोणाचा तरी शेवटचा श्वास ऐकायला जमावं तसे. गाडीनं बराच वेळ घेतला आणि मेली.

"केव्हापासून?" उमेंद्रनं विचारलं.

"पोळ्यापासून," मामाजी म्हणाले. आणि मग लपवाछपवी संपल्याचा त्यांना आनंदच झाला असावा, कारण ते सांगतच सुटले. बाजाराला जायचं तर रेल्वे फाटकाशी कॉक बंद. फाटक लागलेलं असलं तर बंद करायचा नाही, नाहीतर तिथंच मरते. शेतावर जायचं तर मोहाच्या झाडाशी. थंडीत थोडं अलीकडे. एकदा नुसतं गियर टाकून मारायला गेले तर उडी मारून गाडी गोठ्यात, गाईच्या गव्हाणीत. गाईनं त्या दिवशी दूध दिलं नाही. हनुमानाला नारळ फोडून झाला. इंद्रकुमार मेकॅनिकला दाखवून झालं. तो म्हणाला, उमर झाली जी गाडीची.

"उमर झाली तर माणूस थांबते," उमेंद्र कपडे झटकत म्हणाला. "हे थांबत नाही. बोलवा त्या इंद्रकुमारला."

इंद्रकुमारचं सौंदडच्या रस्त्यावर गॅरेज आहे. तो आला, पान्ह्यांची पिशवी ठेवली, आणि गाडीकडे पाहायच्या आधी त्यानं मामीजींकडे पाहिलं. मामीजींनी सुपातले तांदूळ पाखडायला घेतले.

"कार्बन," इंद्रकुमार म्हणाला. "पिस्टनवर जमते. लाल होते. मंग चावी बंद केली तरी पेट्रोल त्यावरच पेटून राहते."

उमेंद्रनं मोबाइलवर बोट फिरवलं. "तसं असेल तर गाडी खडखड करून थोड्या वेळात थांबते. ही तर मस्त चालून राहिली होती."

"मंग प्लग असन." प्लग बदलला. गाडी सुरू केली, चावी बंद केली. गाडी चालूच.

"मंग पेट्रोल खराब असन."

"पेट्रोल खराब असलं तर गाडी जास्त चालते का?"

"आजकाल काही सांगता येत नाही जी," इंद्रकुमार म्हणाला. पुन्हा मामीजींकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता. नोव्हेंबर महिना होता.

उमेंद्रचा एक गुण मात्र मानलाच पाहिजे. तो एकदा कागदांच्या मागे लागला की शेवटचा कागद पाहिल्याशिवाय सोडत नाही. त्यानं इंद्रकुमारला टाकी उतरवायला लावली आणि स्वतः चावीच्या लॉकपासून एकेक वायर बोटानं धरत निघाला. या जुन्या गाड्यांमध्ये चावी बंद केली की एका वायरीतून इंजिनाची ठिणगी मारली जाते. ती वायर तुटली तर चावी बिचारी नुसती शोभेची. ती वायर तुटलेली निघाली. तुटलेली कसली, कापलेली, अगदी साफ. आणि कापलेल्या टोकाला जांभळ्या कापडाची चिंधी गुंडाळून गाठ मारलेली. निगुतीची, चटकन न सुटणारी गाठ.

अंगणात दोरीवर मामीजींची जांभळी साडी वाळत होती. तिचा काठ एका कोपऱ्यात फाटलेला होता.

उमेंद्रनं साडीकडे पाहिलं, मामाजींनी साडीकडे पाहिलं. इंद्रकुमार घाईघाईनं टाकी परत बसवून, पिशवी उचलून म्हणाला, "टेप सरला होता जी. काकूनंच चिंधी देल्ली." आणि निघूनच गेला.

"तू?" मामाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "अवो, पोळ्यापासून मी देवळाशी, फाटकाशी, मोहाशी कॉक मोजून राहिलो! हनुमानाले नारळ फोडला! अन् तू मागं बसून गंमत पाहून राहिली?"

"मीच कापाले लावली," मामीजींनी सूप खाली ठेवलं. "का करू मंग? दर दहा पावलाले गाडी बंद करता. हा भेटला बंद कर, तो भेटला बंद कर. थेंबभर पेट्रोल वाचवाचं. अन् मंग किक कोण मारन? गुडघा हाय का तुमच्यापाशी? त्या दिवशी पोस्टासमोर किक माराले गेले अन् डोळ्यातून पाणी आलं तुमच्या. लोकाले सांगतलं, कचरा गेला म्हून. मले का समजत नाही? मी म्हटलं, बंदच नोको होऊ देऊ."

मामाजींचा उजवा हात गुडघ्यावर गेला आणि लगेच उचलला गेला. इतका वेळ आम्ही हसत होतो, निदान मी तरी. त्या क्षणी माझं हसू गेलं. त्यांनी गाडीचा रोग लपवला नव्हताच, गाडीच्या रोगाआड आपला गुडघा लपवला होता. मला त्यांची फार दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचा रागही आला, कारण त्यांना ती मुळीच नको होती.

उमेंद्रला मात्र हवा तो कागद सापडला होता.

"म्हणजे बाबांना किक मारता येत नाही," तो म्हणाला. "ऐन वेळी, रेल्वे फाटकात गाडी बंद पडली तर? रुळावर?"

"मी मागं राहतो नं," मामीजी म्हणाल्या.

"तू राहून काय होणार, आई?"

"किक मी मारून राहिली. वर्ष झालं."

उमेंद्र हसला. वाईट हसला नाही, पण हसला. लहान लेकराची गंमत ऐकून हसावं तसा. "आई, प्लीज. नऊवारी, पाचवारी सांभाळून तू किक मारतेस? बस झालं. उद्या लीलाधरला फोन करतो." त्यानं चावी खिशात टाकली. "चावी माझ्याकडे राहील. विषय संपला."

संध्याकाळी कोहळ्याची भाजी झाली. मामाजींनी ती मान खाली घालून खाल्ली. मी उमेंद्रला म्हटलं, तू चूक करतोयस. तो म्हणाला, पडले तर तू जबाबदारी घेशील का? तो दुष्ट नाही, घाबरलेला आहे, हेही मला दिसत होतं. पण त्याची भीती घालवायला दोन माणसांनी खाटेवर बसायचं, हे मला पटत नव्हतं, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

सोमवारी मामीजींचा बाजार. सकाळी मी ओसरीवर चहा गाळत होते. उमेंद्र नळावर दात घासत होता, चावी त्यानं पायजम्याच्या खिशात ठेवली होती. झोपतानाही तिथंच होती. गोठ्याचं दार आतून ओढलं गेलं. मग आत एक आवाज आला, खण्णकन. एकच. आणि गाडी सुरू झाली.

उमेंद्रनं खिशावर हात मारला. चावी होती.

मला ते त्याच्या आधी समजलं, आणि मी गाळणी हातात घेऊनच गोठ्याशी धावले. दाराच्या फटीतून दिसलं ते सांगते. मामीजींनी साडीचा काष्टा मारला होता, एक पाय किकवर, एक हात मामाजींच्या खांद्यावर. मामाजी गाडीवर बसून ॲक्सिलरेटर थोडा थोडा देत होते. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. बैलजोडी बघते का एकमेकांकडे? मामीजींनी काष्टा सोडला, साडी सारखी केली, पिशवी घेतली आणि मागे बसल्या.

कापलेल्या वायरीची गाडी चावी फिरवून बंद होत नाही, एवढं आम्हाला कळलं होतं. ती चावीशिवाय सुरूही होते, हे बँकेत कोणी शिकवत नाही.

दार उघडलं, गाडी बाहेर आली. उमेंद्र तोंडात ब्रश धरून आडवा आला.

"हट," मामीजी ओरडल्या. चावीशिवाय हॉर्न वाजत नाही, तेवढं काम त्यांनी घेतलं होतं. "हट रे पोट्ट्या!"

तो हटला. गाडी अंगणाच्या फाटकातून निघून वळणापर्यंत गेली, आणि देवकाबाईच्या दारावरून जाताना मामीजींचा आवाज पुन्हा आला, "हटा व, हटा!" कोंबड्या उडाल्या. मग आवाज बांध्यांकडे गेला. उमेंद्र अंगणात उभा होता, तोंडातला फेस गळत होता, हातात चावी. मी इतकी हसले की गाळणीतली चहापत्ती माझ्या पायावर सांडली. तो माझ्यावर चिडला नाही.

"एकाच किकमध्ये," तो म्हणाला.

"एकाच," मी म्हटलं.

"मला कालच्याला तीन लागल्या."

नंतर त्यानं लीलाधरला फोन केला. गाडी देता येत नाही म्हणून सांगितलं. तिकडून विचारलं गेलं असावं, काऊन साहेब, काही बिघाड हाय का. उमेंद्र म्हणाला, "हो, बिघाड आहे." आणि फोन ठेवून दिला.

दुपारी आम्ही गोंदियाला परत निघायच्या तयारीत होतो तेव्हा ते दोघं आले. गाडीचा आवाज देवळापासून बारीक होत गेला आणि दारात येऊन शांत झाला. मामीजी वांगी, मिरच्या, माझ्यासाठी बांगड्या घेऊन उतरल्या. उमेंद्र पुढे गेला. वायर जोडून घेऊ का, असं तो विचारणार होता. तसं तो मला म्हणाला होता. पण त्यानं नुसती चावी काढून वडिलांपुढे धरली.

मामाजींनी चावीकडे पाहिलं, मग मुलाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मामीजी पिशवी घेऊन पायरी चढत होत्या, त्याच वळून म्हणाल्या,

"ठेव बापू तुह्याचपाशी. तुले बरं वाटन. आमचं काही अडत नाही."